पिठाच्या पिशवीबरोबरचं हसू

मित्रांनो, मी जुना आहे हे माझ्या पट्ट्याकडे पाहूनच तुमच्या लक्षात येईल. त्याच्यावरची अक्षरं घामाने पुसली गेली आहेत आणि तो दोन ठिकाणी चपलेच्या दोऱ्याने शिवलेला आहे. मी कॅमेरा आहे. अकरा वर्षं मी आग्र्याच्या ताजमहालात नोकरी करतो आहे. कॅमेऱ्याने दुसऱ्यांना दाखवावं आणि स्वतः काळ्या पिशवीत राहावं, असा आमच्यात रिवाज आहे. तो मी आज मोडतो आहे, कारण माझ्या हातून एक फोटो निघाला, आणि तो इतका चांगला निघाला की मला अजून तोंड दाखवायला जागा नाही.

माझा जन्म थायलंडच्या कारखान्यातला, नाव जपानी, आणि दिल्लीच्या दुकानदाराने मला विकलं ते ‘एकदम नवा’ म्हणून. त्याआधी मी तीन वर्षं लग्नांचे फोटो काढले होते. हे त्याने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. माझ्या अप्रामाणिकपणाची सुरुवात तिथूनच धरायला हरकत नाही.

माझे मालक रफाकतमियाँ. ताजगंजात दोन खोल्या, गळ्यात परवान्याचं ओळखपत्र, आणि वडीलही ताजमधलेच फोटोग्राफर. कामाची पद्धत वडिलांच्या वेळेपासून ठरलेली होती. पाहुण्याला दगडी बाकावर उभं करायचं, हात वर करायला लावायचा, बोटांची चिमटी अशी जुळवायची की फोटोत त्याने घुमटाचा कळस धरून ताजमहाल उचलला आहे असं दिसावं. घरी पाण्याचा पेला जागचा न हलवणारी माणसं इथे येऊन ताजमहाल उचलत आणि समाधानाने घरी जात. मग रफाकतमियाँ म्हणायचे, “हसा!” आणि मी माझं काम करायचो.

हा एक शब्द त्यांना अकरा भाषांत येत होता. बाकी एकही शब्द येत नव्हता. हे अकरा शब्द त्यांना शिकवले होते कुलश्रेष्ठ साहेबांनी.

कुलश्रेष्ठ साहेब म्हणजे जपानी आणि स्पॅनिश बोलणारे गाइड. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि तोंडात इतिहास. इतिहास कमी पडला तर ते जागच्या जागी तयार करत. शाहजहाँला लिंबाचं लोणचं आवडायचं, बादशाह शुक्रवारी कुणावर रागवायचे नाहीत, अशा गोष्टी मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकल्या. एकदा रफाकतमियाँनी विचारलं, “साहेब, हे लोणच्याचं कुठे लिहिलंय हो?”

“मियाँ, चार हजार मैलांवरून माणूस आलाय,” साहेब म्हणाले. “त्याला काय नुसत्या तारखा द्यायच्या?”

एकोणीस वर्षं साहेब आपले पाहुणे रफाकतमियाँकडे आणत होते. “हे आग्र्यातले दोन नंबरचे फोटोग्राफर. एक नंबरचे यांचे वालिद होते, ते वारले,” अशी ओळख करून देत. पाहुण्यांना फोटोत गाइडही हवा असे. त्यामुळे साहेब बाकाशेजारी उभे राहत, आणि ‘हसा’ हा शब्द कोणत्याही भाषेत कानावर पडला की त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटे. घरी काही बिनसलेलं असो, दाढ दुखत असो. बटण दाबलं की दिवा लागावा तसं. माझ्या बटणात आणि त्यांच्या हसण्यात फारसा फरक नव्हता, असं मला तेव्हा कौतुकाने वाटायचं.

मग मार्च महिन्यात ती बीमारी आली आणि ताजचे दरवाजे बंद झाले.

मित्रांनो, ताजमहाल ही जगातली सर्वांत मोठी चूल आहे हे आग्र्याला त्या दिवशी समजलं. ती विझली आणि गल्लोगल्लीच्या चुली पाठोपाठ विझायला लागल्या. हॉटेलांच्या गच्चीवर, जिथे बसून पाहुणे ताजकडे बघत चहा घेत, तिथे माकडं बसून ताजकडे बघू लागली. मिठाईवाल्यांचा कोहळ्याचा पेठा आधी वाटला गेला आणि मग टाकला गेला. संगमरवरात फुलं जडवणारा कारागीर दुधी भोपळे विकत फिरू लागला आणि सवयीने प्रत्येक भोपळा उजेडाकडे धरून दाखवू लागला. टांग्याच्या घोड्यांच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. मी पिशवीत पडून होतो. माझ्यावर बुरशी चढू नये म्हणून शमीमाभाभी, म्हणजे रफाकतमियाँच्या बायको, मला तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. मे महिन्यात मला डब्याचा तळ लागला.

कुलश्रेष्ठ साहेब मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दोन पेनं लावून पोलिसांच्या अडथळ्यापर्यंत चालत जात आणि परत येत. कुणी विचारलं तर म्हणत, “माझं काय, माझ्याकडे पुढच्या मोसमाची बुकिंगं आहेत.” गल्लीने हे खरं मानलं होतं. गल्लीकडे तेव्हा मानण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

अशात टिल्लू भैया उगवले. बुटांचा धंदा, चांगला देह, बोटात सुपारीएवढ्या पोवळ्याची अंगठी, आणि पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायची इच्छा. त्यांनी पीठ वाटायचं ठरवलं. पिशवीवर त्यांचा फोटो छापलेला होता, पण प्रत्येक पिशवी घेणाऱ्याचाही त्यांच्याबरोबर फोटो हवा होता. मोबाइलवरचा नव्हे, चांगला. “वर दाखवावं लागतं,” ते म्हणाले. वर म्हणजे पक्षात. देव त्यांच्या हिशेबात नव्हता. रफाकतमियाँना त्यांनी बोलावलं आणि मेहनताना म्हणून वाटप संपल्यावर एक पिशवी पीठ कबूल केलं. मला तांदळाच्या डब्यातून बाहेर काढण्यात आलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. काम मिळालं म्हणून ज्यांना ज्यांना आनंद झाला त्यांनी पुढे काय केलं, हा वेगळा विषय आहे.

शाळेच्या पटांगणात रांग लागली. टिल्लू भैया ओरडले, “सगळ्यांनी मास्क खाली! चेहरा दिसला पाहिजे!”

“पण भैया, ती बीमारी...” कुणीतरी म्हणालं.

“ती फोटोपुरती थांबते.”

रफाकतमियाँ सवयीप्रमाणे सूचना देऊ लागले. हात वर, थोडा अजून वर, पिशवी छातीशी. रांगेतल्या जमीलाआपा वैतागल्या. “अरे रफाकत, पीठ देतोयस की पासपोर्ट?” लोक हसले. रफाकतमियाँही हसले. काम रंगात आलं. बाविसावा की तेविसावा माणूस पुढे आला तो गमछा डोक्यावरून ओढलेला, मास्क डोळ्यांपर्यंत. अंगात कुडता होता, कुणाचातरी, ढगळ. रफाकतमियाँनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्यातून पाहत होते, आणि माझ्यातून पाहिलं की माणूस आधी मापात बसतो, मग दिसतो.

“गमछा मागे घ्या. मास्क खाली. हनुवटी वर. हां... हसा!”

मास्क खाली आला. ते कुलश्रेष्ठ साहेब होते. आणि शब्द कानावर पडला होता, त्यामुळे ते हसले.

एकोणीस वर्षांची सवय होती ती. बाकाशेजारचं, चार हजार मैलांवरून आलेल्या पाहुण्यासाठीचं, दाढ दुखत असतानाचं हसू. रफाकतमियाँना ओळख पटली ती बोट खाली गेल्यावर. त्यांची सवयही एकोणीस वर्षांचीच होती.

आता माझा गुन्हा सांगतो. जुने कॅमेरे ऐन वेळी बंद पडतात. मीही पडलेलो आहे. एकदा एका नवरदेवाच्या ऐन वरमालेच्या वेळी पडलो होतो. माझी बॅटरी दमेकरी आहे, शटर अडकतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी बंद पडलो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं. पण माझ्यात चेहरा हुडकायची सोय आहे. चेहरा दिसला की मी त्याच्याभोवती हिरवा चौकोन काढतो आणि बाकीचं सगळं धूसर करतो. मी साहेबांच्या चेहऱ्याभोवती चौकोन काढला. डोळ्यांखालची सुरकुती न् सुरकुती टिपली. असा स्वच्छ फोटो मी ताजच्या चांदण्यातही काढला नव्हता.

साहेबांनी पिशवी घेतली, मास्क वर केला आणि गेले. “पुढे चला,” टिल्लू भैया म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ताजगंजच्या चौकात बॅनर लागला. बारा फूट बाय आठ फूट. शंभर फोटोंतून टिल्लू भैयांनी हाच निवडला होता, कारण बाकीचे सगळे पीठ घेताना मेल्यासारखे दिसत होते. हे एकटेच आनंदात होते. खाली लिहिलं होतं, ‘हर चेहऱ्यावर हसू, टिल्लू भैयांचा वसा’.

गल्ली बोललीच. “बुकिंगं आली वाटतं साहेबांची!” “बघ ना कसे खूश आहेत, जपानहून आलंय पीठ!” दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट अडथळ्यापर्यंत जाईनासा झाला. रफाकतमियाँ त्यांच्या दारात गेले. दार अर्धंच उघडून बाईसाहेब म्हणाल्या, “साहेब झोपलेत.” सकाळचे अकरा वाजले होते. आतून खोकल्याचा आवाज आला, जागा.

रफाकतमियाँनी बॅनर उतरवायची विनंती केली. टिल्लू भैया म्हणाले, “अरे, तू कलाकार आहेस. आपल्याच कलेला असा भितोस काय?” घरी आल्यावर त्यांनी तो फोटो माझ्यातून पुसून टाकला. कॅमेऱ्यातून पुसलं की चौकातून पुसलं जात नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मला म्हणाले, “तू तरी बंद पडायचंस, नालायका.” मला कुणी असं बोललं नव्हतं, आणि कुणी इतकं खरंही बोललं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा वाटप होतं, आणि आम्ही पुन्हा गेलो. मी हे लपवणार नाही. डबा रिकामाच होता. फक्त त्या दिवशी रफाकतमियाँ कुणालाही हसा म्हणाले नाहीत.

वाटप संपत आलं तेव्हा त्यांनी आपली पिशवी मागितली. टिल्लू भैया म्हणाले, “घे की. पण फोटो हवा. या वेळी जितक्या पिशव्या तितके फोटो, वर हेच सांगितलंय.”

“भैया, ही तर माझी मजुरी आहे.”

“वर काय सांगू, मजुरी वाटली म्हणून? उभा राहा. कॅमेरा धर रे कुणीतरी याचा!”

पटांगणात कुणी हललं नाही. मग रांगेच्या शेवटाकडून, गमछ्याआडून आवाज आला. “द्या इकडे. मी काढतो.”

कुलश्रेष्ठ साहेब पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. रफाकतमियाँनी मला गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिलं. जमीलाआपा कुजबुजल्या, “आता बघा, साहेब मियाँचा बॅनर करतात की नाही.” मलाही तेच वाटलं. शिवाय ते रास्त आहे असंही वाटलं. मी मनाशी ठरवलं की साहेबांना हवा तसा, जितका क्रूर हवा तितका स्वच्छ फोटो द्यायचा. माझ्याकडून प्रायश्चित्त म्हणून तेवढंच होण्यासारखं होतं.

साहेबांनी मला डोळ्याला लावलं. “टिल्लू भैया, जरा डावीकडे. मियाँ, हात वर. अजून वर. बोटं जुळवा.” हुबेहूब रफाकतमियाँचा सूर. रफाकतमियाँनी मास्क खाली घेतला आणि वाट पाहिली. तो शब्द येणार म्हणून त्यांचे ओठ आधीच वेडेवाकडे झाले होते. मी चेहरा हुडकला, हिरवा चौकोन काढायला घेतला.

साहेबांनी मला खाली झुकवलं. चौकोन सुटला. बटण दबलं.

टिल्लू भैयांनी माझा पडदा पाहिला. त्यात एक पोट होतं, एक पिशवी होती आणि दोन हात होते. एक देणारा, एक घेणारा. माना दोघांच्याही कापलेल्या.

“अहो, चेहरा कुठाय?”

“बादशाहांच्या वेळी खैरातीच्या तसबिरीत चेहरा काढत नसत,” साहेब शांतपणे म्हणाले. “शाहजहाँचा हुकूमच होता. फक्त हात. ज्याचा हात, त्याची शान. चेहरा काय, नोकरचाकरही आपापला काढून घ्यायचे.”

हा हुकूम मी पहिल्यांदाच ऐकला. बहुधा इतिहासानेही. पण टिल्लू भैया आपल्या हाताकडे पाहू लागले. “शाहजहाँ? खुद्द?” ते म्हणाले. मग पोवळं सदऱ्याला पुसून म्हणाले, “हां... मग अंगठी नीट येऊ द्या. आणि ते चौकातलं जुनं काढा रे, हातांचं नवीन लावू.”

साहेबांनी मला परत रफाकतमियाँच्या गळ्यात अडकवलं. “साहेब...” रफाकतमियाँ म्हणू लागले.

“पीठ उचला, मियाँ. भाभी वाट बघत असतील,” साहेब म्हणाले आणि आपली पिशवी घ्यायला रांगेच्या शेवटी परत जाऊन उभे राहिले. त्यांचा फोटो रफाकतमियाँनी काढला. हाताचा. त्या हाताच्या बाहीला इस्त्री होती.

सप्टेंबरात ताज उघडला. पाहुणे अजून बोटांवर मोजण्याइतके येतात. कुलश्रेष्ठ साहेब त्यांना बाकापर्यंत आणतात आणि आग्र्यातल्या दोन नंबरच्या फोटोग्राफरची ओळख करून देतात. पण आता पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी ते बाकाशेजारी उभे राहत नाहीत. आणि रफाकतमियाँच्या तोंडून ‘हसा’ हा शब्द अकरा भाषांपैकी एकाही भाषेत निघत नाही. ते हात वर करायला लावतात, बोटं जुळवतात आणि थांबतात. मग साहेब आमच्या मागे येऊन उभे राहतात, जिथे मी कधीच पाहू शकत नाही, आणि तो शब्द ते म्हणतात. म्हणताना ते स्वतः हसतात की नाही, हे मला माहीत नाही. विचारायचं मला धाडस नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला काही द्याल. चांगली गोष्ट आहे, जरूर द्या. तेव्हा माझ्यासारखा एखादा तुमच्या गळ्यात किंवा खिशात असेलच, आणि तो माझ्यापेक्षा नवा, माझ्यापेक्षा हुशार असेल. चेहरा तर अंधारातही हुडकेल. त्याच्या भरवशावर राहू नका. ऐन वेळी बंद पडायची अक्कल आम्हा कोणातच नाही. त्याला तुम्हीच खाली झुकवा.