एकही संशयित नाही

आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. पोलिओ खरंच संपला का हे बघायला समिती येणार, म्हणून अचानक हातपाय लुळे पडलेल्या मुलांच्या तीन वर्षांच्या साप्ताहिक तक्त्यांची फाइल त्यांनी मला नीट लावायला दिली. मी इथली नर्स. फाइल उघडली आणि माझं डोकंच फिरलं. प्रत्येक तक्त्यावर एकच शब्द, निरंक, म्हणजे असं मूल एकही नाही.

धडधडीत खोटं. गेल्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी एका सकाळी उठली ती पाय उचलेना. असं पोर दिसलं की पाय लुळा पडल्यापासून चौदा दिवसांत शौचाचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे, हा नियम. मी ते घेतले, बर्फाच्या डब्यात घालून डॉक्टरांच्या हवाली केले. तिची आई दर महिन्याला विचारायला येई. तिचं दुसरं बाळ पाळण्यात होतं, जीव टांगणीला लागलेला. डॉक्टर म्हणत, "येईल हो रिपोर्ट."

समिती आली. तिच्यातल्या एका बाईंनी शेवटपर्यंत फाइल चाळली.

"तीन वर्षांत एकही संशयित नाही," डॉक्टर छाती फुगवून म्हणाले.

"म्हणजे तुम्ही शोधलंच नाही. एवढ्या वस्तीत दुसऱ्या कुठल्या कारणाने का होईना, वर्षाला दोन-तीन मुलांचे हातपाय लुळे पडतातच. ती शोधून, तपासून पोलिओ नाही निघाला, तरच तो गेला म्हणायचं."

डॉक्टरांनी मला शेजारच्या खोलीत नेलं. "त्या शिवणवाल्या बाईची मुलगी तक्त्यात दाखव. नमुन्यात काही निघालं नाही असं लिही."

"रिपोर्ट कुठाय?"

"नमुने मी पाठवलेच नाहीत. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

या माणसाला स्वच्छ कागद हवा होता, आणि मी वर्षभर त्या माउलीला 'थांबा, थांबा' म्हणत राहिले. मी तडक बाहेर गेले आणि समितीच्या बाईंना सगळं सांगितलं. पोलिओ संपल्याचं प्रमाणपत्र अडलं. डॉक्टर म्हणाले, "घरभेदी आहेस." असू दे.

संध्याकाळी मुलीच्या घरी गेले. आईने मशीन थांबवलं, मी बोलले ते सगळं ऐकून घेतलं.

"मग आता तपासा ना."

"आता तिच्या शौचात काही सापडणार नाही, ताई. ते चौदा दिवसच होते."

"म्हणजे तिला काय झालं होतं, ते मला कधीच कळणार नाही?"

"नाही," मी म्हणाले.