महाराणीचा पट्टा

“म्हैस माझ्या डोळ्यांदेखत बसली आहे, आणि तुझं मशीन म्हणतंय चालतेय! आंधळं कोण, मी की ते?”

मालकांनी सुनेच्या नाकासमोर फोन नाचवला. सूनबाईंनी गोठ्यात वाकून पाहिलं.

“बाबा, महाराणीच्या पायात पट्टा कुठंय?”

गोठ्यातल्या प्रत्येक म्हशीच्या पायात पट्टा होता. त्यातल्या चकतीला पायाची हालचाल कळे, आणि त्यावरून मशीन सांगे: बसली, उठली, चालली, लंगडली. हे सगळं त्याला सूनबाईंनी शिकवलं होतं, ढीगभर चित्रफिती दाखवून. कुठली चाल चांगली नि कुठली लंगडी, हे शेजारी बसून मामांनी सांगितलं होतं. मामा म्हणजे गोठ्याचा जुना गडी. नात्याने कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे मामा. मोठ्या हौसेने सांगितलं बिचाऱ्यांनी. मशीनने लंगडी ठरवलेली म्हैस मालक खाटकाच्या गाडीत घालतात, हे गणित त्यांना फार उशिरा उलगडलं.

म्हणून महाराणीचा पाय ओढायला लागला, तसा तिचा पट्टा मामांनी आपल्या पायात बांधला. आपण दिवसभर चालतो, तीही चालल्यासारखी दिसेल. हिशेब चोख होता. त्यात स्वतःचा एक गुडघा तेवढा धरायचा राहिला. एका नुकत्याच व्यालेल्या म्हशीने लाथ मारल्यापासून मामा तो “बरा झाला” म्हणून सांगत आले होते. इतक्यांदा, की त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला होता.

मामा वैरणीची पाटी घेऊन आत आले आणि थबकले. फोनवर महाराणीही थबकली.

“मामा, जरा इकडे या बरं,” सूनबाई म्हणाल्या.

मामा आले. फोन थरथरला आणि लाल झाला: लंगडली.

“पायजमा वर करा.”

पट्टा पाहून मालकांनी मांडीवर थाप मारली. “अगं, मी उगाच म्हशीला नावं ठेवतोय! लंगडा तर आमचा रेडा निघाला!”

मामाही हसले. मालक हसल्यावर हसायची सवयच होती. “मशीन चुकतंय, मालक. पाय ठणठणीत आहे माझा.”

“चुकतंय कसं? मास्तर तर तुम्हीच ना त्याचे?”

मामांनी पायजमा खाली सोडला.

“उद्या गाडी येईल,” मालक म्हणाले. “तिला तेवढं चढवून द्या. तुमचं मग बघू. आणि पट्टा काढायचा नाही. राहू दे पायात.”

दुसऱ्या दिवशी महाराणी कुणालाच दाद देईना. ओढली, ढकलली, शेपूट पिरगळली, तरी फळीवर पाय ठेवीना. ती फक्त मामांच्या मागून चालायची. शेवटी मामा आधी गाडीत चढले. “चल गं बये,” म्हणाले. ती चढली. मग मामा एकटेच खाली उतरले.

गाडी गेली तरी फोनवर महाराणी लंगडतच होती.

“नाव बदलायला हवं,” सूनबाई पुटपुटल्या. “बाबा, मामांचं नाव काय हो?”

मालकांनी क्षणभर आठवून पाहिलं. “असू दे तेच. किती दिवसांचा प्रश्न आहे?”

पुढे मामा गोठ्याकडे निघाले होते; दातओठ खात, एकेक पाऊल सरळ टाकत. सूनबाईंनी फोन खिशात घातला. तो थरथरतच राहिला.