शेवटच्या सायकलचं नारंगी जाकीट

मी एक जुनं नारंगी जाकीट आहे. मला बाह्या नाहीत, अस्तर नाही आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर धीरही नाही. आत्तासुद्धा खुंटीवर लटकलो आहे, पण खिडकीतून जरा वारा आला की माझी चुळबुळ सुरू होते. खाली रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली तर मग विचारूच नका. जाकिटाने गप्प कसं लटकावं हे मला कधी जमलंच नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्यांना सगळे अण्णा म्हणत. कपडे ते क्वचितच शिवत. तंबू, ताडपत्र्या आणि दुकानांपुढची कापडी छपरं हे त्यांचं खरं काम. अशाच एका छपराचं कापड उरलं. रंग इतका भडक की फुकट दिलं तरी कुणी नेईना. अण्णांनी त्यातून मला बेतलं, दुहेरी टीप घातली, पुढे दोन ऐसपैस खिसे लावले आणि पाठीवर चमकणारी पट्टी शिवली. अण्णांना सायकलचं वेड होतं आणि मला त्यांनी स्वतःसाठीच शिवलं होतं.

दरवर्षी थंडी पडली की त्यांची सायकलवेडी मंडळी धरणापासून निघायची आणि नदीच्या काठाकाठाने थेट समुद्रापर्यंत जायची. सामानाचा टेम्पो डांबरी रस्त्याने पुढे जाऊन मुक्कामावर थांबायचा. सगळ्यांच्या पुढे अण्णांची मुलगी असायची. एरवी ती औषधांचं दुकान चालवायची, पण सायकलवर बसली की लहानथोर सगळे तिला कॅप्टन म्हणत. आणि सगळ्यात शेवटी अण्णा, म्हणजे अर्थातच मी.

नदीकाठचा मुलूख मोठा फसवा. कालवे, बांध, मक्याची शेतं, सगळं सारखंच दिसतं. म्हणून या मंडळींनी एक रीत पाडली होती. जिथे वळायचं असेल तिथे कॅप्टनच्या मागचा सायकलस्वार उतरून हाताने दिशा दाखवत उभा राहायचा. याला ते वळण धरणं म्हणत. सगळे पुढे जायचे, शेवटी मी यायचो आणि मगच त्याची सुटका व्हायची. माणसं मोजायची भानगडच नाही. नारंगी जाकीट गेलं म्हणजे सगळे गेले.

काम मानाचं होतं, पण माझा मात्र नुसता जीव जायचा. सगळ्यांची धूळ खायची मी. पुढच्यांना म्हणे शेतातून बगळ्यांचे थवे उडताना दिसायचे; मी पोहोचेपर्यंत बगळा सोडाच, त्याचं पीसही नसायचं. कुणाची हवा गेली, कुणाची चेन पडली की अण्णा थांबणार, मग मीही थांबणार. एकदा तरी पुढे जावं, निदान मधल्या घोळक्यात तरी शिरावं, म्हणून मी वाऱ्यावर नुसता फडफडत राहायचो. अण्णा मला थोपटायचे आणि बटण लावून टाकायचे.

वर्षं गेली. माझा रंग विटला, खिसा उसवला. अण्णाही बदलले. कात्री समोरच पडलेली असायची आणि ते दुकानभर शोधायचे. एका तंबूला तर त्यांनी दारच ठेवलं नाही. गिऱ्हाइकं हसली, पण मुलगी हसली नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली आणि म्हणाली, या वर्षी तुम्ही टेम्पोत बसून या. अण्णा मशीन चालवतच राहिले. बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं की एवढ्या खेपेला अण्णांनी सायकलवर यायचं, पण वाटेत काही गडबड झाली तर पुढच्या वर्षापासून टेम्पो. अण्णांनी मान हलवली आणि माझा खिसा शिवायला घेतला. सुईत दोरा ओवायला त्यांना चार खेपा लागल्या.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत पार पडलं. मग एका सकाळी नदीवरून दाट धुकं आलं. आमच्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई नव्याने आल्या होत्या. पातळ सदरा घालून निघालेल्या, त्यामुळे बोटं आखडून ब्रेकही दाबता येईना. त्या मागे पडत पडत अण्णांपर्यंत आल्या. अण्णांनी क्षणाचाही विचार न करता मला काढलं आणि त्यांच्या अंगावर चढवलं. ऊन पडलं की परत द्या, म्हणाले. तेवढ्यात अण्णांच्या सायकलची चेन निसटली. बाई थांबू लागल्या, तर त्यांनी हातानेच पुढे पिटाळलं.

अंगात ऊब आली तशी बाईंनी वेग घेतला. आणि मित्रांनो, माझ्या अंगात तर वारंच शिरलं. बांधावरच्या वळणावर आमच्यातले बेकरीवाले वळण धरून उभे होते. धुक्यातून नारंगी रंग दिसताच ते सायकलवर बसले आणि आमच्यासोबत निघाले. मी पाठीमागे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही घोळक्यात शिरलो, घोळक्यातून पुढे आलो. धुकं विरळ झालं आणि एका शेतातून बगळ्यांचा आख्खा थवा माझ्या डोळ्यांदेखत उडाला. त्या घटकेला मला कुणाचीही आठवण झाली नाही.

जुन्या पुलापाशी टेम्पो उभा होता. कॅप्टनने लांबून मला पाहिलं आणि अण्णा एवढ्या लवकर आले असं वाटून तिचा चेहरा खुलला. मग तिची नजर जाकिटावरून वर, डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे गेली.

"अण्णा कुठे आहेत?"

तिने फोन लावला, तर तो टेम्पोतल्या अण्णांच्या पिशवीत वाजू लागला. बाईंनी मला घाईघाईने काढून तिच्या हातात दिलं. तिने मला तसंच अंगात अडकवलं आणि आलेल्या वाटेने सायकल हाणली. बेकरीवाले मागोमाग होते. आपण नुसता रंग पाहिला, माणूस पाहिलाच नाही, असं ते सारखं स्वतःशी बोलत होते.

बांधावरच्या वळणावर कुणी नव्हतं. आम्ही एक वाट धरली, ती विहिरीपाशी संपली. दुसरी धरली, ती मक्यात शिरून पुन्हा बांधावरच आली. कालव्याच्या कडेने जाताना तिची नजर रस्त्यावर कमी आणि पाण्यावर जास्त होती. तिचं काळीज माझ्या बटणांवर धडधड आपटत होतं. मला कधी नव्हे ते वाटलं, सायकल उभी राहावी आणि मी पुन्हा शेवटचा व्हावा. ऊन चढलं तरी अण्णांचा पत्ता नव्हता.

मग दुधाच्या किटल्या भरलेला ट्रॅक्टर समोरून आला. चालवणारा हसत होता.

"त्या पाण्याच्या दारापाशी एक आजोबा उभे आहेत, तुमचेच का? चला, सोडतो म्हटलं तर ऐकेनात. म्हणाले, नारंगी जाकीट गेल्याशिवाय मला हलता यायचं नाही."

कालव्याचं पाणी सोडायच्या लोखंडी दारापाशी वाटेला दोन फाटे फुटत होते आणि तिथे अण्णा भर उन्हात ताठ उभे होते. धुक्यात बांधावरचं वळण चुकून ते सरळ इथवर आले होते. फाट्यावर कुणी नाही, हे पाहून ते सायकलवरून उतरले. जाकीट अंगावर नव्हतं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ते शेवटचे नव्हतेच. मागे अजून माणसं असणार, त्यांना वाट कोण दाखवणार? म्हणून त्यांनी वळण धरलं होतं. उजवा हात लांब करून ते दिशा दाखवत होते. त्या दिशेला नांगरलेलं रान होतं, वाट नव्हती.

मला पाहून त्यांनी हात खाली घेतला.

"आलं का जाकीट? मागे कुणी राहिलं नाही ना?"

तिने सायकल टाकली आणि त्यांचा तो आखडलेला हात दोन्ही हातांनी चोळत राहिली. "नाही अण्णा," ती म्हणाली, "सगळे आले."

मग अण्णांच्या सगळं लक्षात आलं. त्यांनी तिच्या अंगावरच्या मला पाहिलं, मोकळा रस्ता पाहिला. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "ठरल्याप्रमाणे होऊ दे," ते हळूच म्हणाले. "टेम्पो कुठे उभा केला आहेस?"

ती माझं बटण काढू लागली होती, ती थांबली. काढलेलं बटण तिने परत लावलं.

"टेम्पो राहू दे. जाकीट आता माझ्याकडे राहील. तुम्ही माझ्या पुढे चालवायची, मला दिसाल इतपतच पुढे."

"आणि सगळ्यांच्या पुढे कोण?"

"बेकरीवाले आहेत की."

माझ्यावरचा हक्क सोडणं त्यांना किती जड गेलं हे मला कळत होतं. मग गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि माझा खांदा चिमटीत धरला.

"इथे सैल होतंय," ते म्हणाले. "संध्याकाळी आत घेऊन देतो."

ते सायकलवर बसले आणि निघाले. मित्रांनो, इतकी वर्षं मी अण्णांच्या पाठीवर होतो, त्यामुळे त्यांची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. ती चांगलीच वाकली होती. चढावर डावीकडे कलायची, उतारावर लहान मुलासारखी पुढे झुकायची. कॅप्टन, जिला कुणी पुढे असलेलं खपत नसे, ती ब्रेकवर बोटं ठेवून त्या पाठीमागे चालली होती. माझीही फडफड थांबली होती, कारण त्या पाठीवरून नजर काढायची मला भीती वाटत होती.

आता पुन्हा थंडी जवळ आली आहे, म्हणून माझी अशी घालमेल चालली आहे. अण्णांनी सायकलला तेल घातलं आहे. दोनदा घातलं, कारण पहिल्यांदा घातल्याचं विसरले. तुमच्याही घरात हळू झालेलं कुणी असेल. त्यांना गाडीत बसवायची घाई करू नका. आधी एकदा त्यांच्या मागून चालून पाहा.