बाहेर उघडणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. अंगानं सागवानी, स्वभावानं गरीब. कुणीही ढकललं की मुकाट्यानं आत वळायचो. मित्रांनो, याला लोक सालसपणा म्हणतात. ढकलणाऱ्यांना तो फार आवडतो.

घरचा मालक ट्रक चालवायचा. टायरमध्ये हवा आहे का, ते लाथ मारून बघायचा. तीच लाथ घरी आणायचा. पहिली मला, दुसरी बायकोला. बाई माझ्या आडच शिलाई मशीन चालवत. त्याची पावलं वाजली की धावत येऊन कडी काढत, निदान एक लाथ वाचावी म्हणून. एकदा उशीर झाला; कडी निघायला आणि लाथ बसायला एकच गाठ पडली. मी धाडकन आत गेलो आणि माझीच कड त्यांच्या कपाळात बसली. ते रक्त माझ्या लाकडात मुरलं. वरून कितीही रंग द्या, डाग वर येतोच. शेजारी मात्र कौतुक करत, "काय भक्कम दरवाजा आहे हो, किती सोसतो." माझ्यामागं कोण सोसतंय, ते कुणी विचारलं नाही.

बाईंनी पंचेचाळिशी ओलांडली. केस पिकले, तशी भीतीही पिकून गळाली असावी. मालक फेरीवर गेल्यावर त्यांनी सुताराला बोलावलं.

"मोठी कडी बसवू का, ताई?"

"कडी राहू दे. दरवाजा बाहेर उघडेल असा फिरवा."

"येणाऱ्याला मागं सरावं लागेल."

"सरू दे की. पाय आहेत ना त्याला?"

सुतारानं माझ्या बिजागऱ्या उपटल्या. जीव कळवळला. अर्ध्या वयात वळण बदलायचं म्हणजे दुखणारच. पण आता बाहेरून ढकललं की मी आत जाण्याऐवजी चौकटीला टेकून उभा राहू लागलो.

मालक परतला. "अगं ए, मेलीस काय?" म्हणत त्यानं सवयीची लाथ घातली. मग दुसरी. तिसरीला कडकन मोडल्याचा आवाज झाला. तो माझा नव्हता.

"पाय गेला गं. दार उघड." तो पायरीवर विव्हळत होता.

बाईंचा हात आपसूक कडीवर आला. मला वाटलं, झालं, केलेलं पाण्यात गेलं. हात थांबला.

"उघडते. पण आधी मागं सरका. दरवाजा आता तुमच्या अंगावर येतो."

आणि तो सरकला, फरफटत, संसारात पहिल्यांदा. बाईंनी गाडी बोलावून त्याला दवाखान्यात धाडलं. त्याचे कपडे न्यायला त्याची बहीण आली, तेव्हा तिनं हलकेच टकटक केली. तो स्वतः परत आला नाही. बाईंनी येऊ दिलं नाही.

मित्रांनो, दरवाजे आपटू नका, बिजागऱ्यांना तेल घालत जा. आणि आतून आदळआपट ऐकू आली, तर पुढं निघून जाऊ नका. कडी वाजवा आणि आतल्या बाईला हाक मारा. तिनं उत्तर देईपर्यंत तिथंच उभे राहा.