शेवंतीच्या कानातला पितळी बिल्ला

मित्रांनो, मी म्हशीच्या कानात राहिलेला एक जुना पितळी बिल्ला आहे. नखाएवढ्या वस्तूने स्वतःविषयी बोलावे का, याची मला अजून शंका वाटते. पण माझी निवड कशी झाली हे आठवले, की गप्प राहवत नाही.

एका कारखान्यात पत्रा कापून मला घडवले, अंगावर आकडा ठोकला. २००२ च्या दसऱ्याला विमा एजंट आकाराम यांच्या पिशवीतून मी कोल्हापुरात हंबीररावांच्या गोठ्यावर आलो. त्यांची एकच म्हैस होती, शेवंती. त्यांची बायको बयाबाई भाकरीचा पहिला तुकडा तिलाच भरवी.

त्या दिवशी दोन विमे समोर होते. दूध संस्थेचा विमा आजारपणाचाही खर्च देई. पण त्याचा बिल्ला हाताच्या पंजाएवढा, पिवळ्या प्लॅस्टिकचा. आकारामांचा विमा म्हैस मेली तरच पैसे देणारा. त्याचा बिल्ला मी.

"अवो, कागद तरी वाचा," बयाबाई म्हणाली.

"वाचायचं काय त्यात? असली पिवळी पाटी कानात घालून शेवंती सगरात पळणार व्हय? पेठ हसंल की!"

दिवाळीच्या पाडव्याला इथे म्हशींचा सगर असतो. शिंगे रंगवलेल्या, माळा घातलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागे पळतात. तेवढ्या एका दिवसाच्या शोभेसाठी हंबीररावांनी वर्षभराचा विमा ठरवला! यावर काय बोलावे? मी चमकत होतो, एवढीच माझी लायकी. आणि खोटे कशाला सांगू, सगरात कोणी "बिल्ला झ्याक हाय" म्हणाले, तेव्हा मीही फुगलो होतो.

दीड महिन्याने शेवंतीने वैरण सोडली. तिचा कान गार पडला, हे सर्वांआधी मला कळले. पण सांगणार कसे? जनावरांच्या डॉक्टरांनी तपासले. पोटात तार गेली होती. दोन दिवसांत ऑपरेशन झाले नाही, तर ती वाचणार नव्हती.

हंबीररावांनी आकारामांना बोलावले. ते चाचरत म्हणाले, "ऑपरेशन न्हाय बसत ह्यात. म्हस गेली, तर बिल्ल्यासकट कान घिऊन या. लगीच काम हुतंय."

"आन् जगली तर?" बयाबाईने विचारले.

"जगली तर... चांगलंच की, वैनी."

"म्हंजे तिच्या मरणाची वाट बघाय ह्यो कानात बसवलाय व्हय?"

मित्रांनो, माझ्या अंगावरचा आकडा मला तेव्हा नकोसा झाला. शेवंती धापा टाकत होती, आणि ती मेल्याशिवाय माझा कोणाला उपयोग नव्हता.

त्याच संध्याकाळी हंबीररावांनी मोटारसायकल विकली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शेवंतीच्या पोटातून बोटभर तार काढली. त्या तारेला सगरातल्या माळेची सोनेरी झिरमिळी अजून चिकटलेली होती. बयाबाईने ती धुतली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"घ्या. तुमची शोभा."

शेवंती जगली. वर्ष भरल्यावर मला कापून काढले आणि तिच्या दुसऱ्या कानात तो पिवळा बिल्ला बसवला. त्या पाडव्याला हंबीरराव सगरात पायी निघाले, मागे शेवंती.

"काय हंबीरराव, गाडी कुठं हाय?" कोणीतरी ओरडले.

"म्हशीनं खाल्ली!" ते म्हणाले. पेठ हसली. या खेपेला तेही हसले.

मी आता गोठ्यातल्या खिळ्याला लटकलो आहे. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. घरातल्या मुक्या जिवासाठी विमा निवडाल, तेव्हा बारीक अक्षरेही वाचा. स्वतःला जमत नसेल, तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. तो विमा त्या जिवाला जगवण्यासाठी आहे, की जीव गेल्यावर तुमच्यासाठी, एवढे तरी विचारा.

शेवंती रोज मान घासायला माझ्या खिळ्यापाशी येते. तिच्या कानातले माझे भोक अजून बुजलेले नाही.