काळ्या रानातलं पाणी

रंगुबाईनं खोऱ्याच्या एका घावात दारं मोडलं आणि आपल्या पाळीचं पाणी नाथाजीच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या रानात वळवलं. कालव्याचं पाणी ते. माण तालुक्याच्या या टोकाला येतं क्वचित, आणि आलं की सख्खे भाऊ एकमेकांवर कुऱ्हाडी काढतात.

शेजारची अंबूबाई बांधावर थबकली. "आगं, ज्यानं तुला माळावर घातलं, त्याला पानी?"

"पान्याला न्हाई म्हनू ने, आक्का. पुन्य लागतंय," रंगुबाई म्हणाली.

पुण्याचा आणि तिच्या मनातल्याचा काडीचा संबंध नव्हता.

तिचा नवरा फौजेत गेला तो तिरंग्यात गुंडाळून परत आला. तेरावं उरकलं आणि नाथाजीनं वाटणी उरकली. ओढ्याकाठचं काळंभोर रान स्वतःला ठेवलं, वहिनीच्या पदरात मुरमाचा माळ टाकला आणि वर चारचौघांत बोलला की वैनींना शेरडं राखायला बरा हाय. लोक हसले. जुन्या बायका विरजण मोडू देत नाहीत, तसं ते हसणं रंगुबाईनं वर्षानुवर्षं जपलं.

पण देवानं माती केली ती सातबारा बघून केली नाही. सांगलीकडच्या एका वाईनच्या कारखान्यातली सोनम मॅडम माळावर आली, मुरूम मुठीत घेऊन बघितला आणि म्हणाली, इथं कॅबर्नेट जातीचं द्राक्ष लावा. मुरमात वेल अर्धपोटी राहतो, मूळ खोल जातं, मणी बारका आणि जाड सालीचा येतो. त्याची वाईन गडद, तुरट, ताठ. मग खाली नाथाजीच्या काळ्या रानात शिराज ही दुसरी जात लावली. तिचा मणी रसाळ, वाईन मऊ. दोन्हींचा मेळ घातला की एक तांबडी वाईन उभी राहते. माळकरी रंगुबाईनं तिचा थेंबही कधी जिभेला लावला नव्हता, पण तिला कळलं होतं. आपला पखवाज आणि त्याची वीणा. एकटा पखवाज म्हणजे नुसती बडवाबडवी.

तिला आणखीही एक कळलं होतं. तोडणीच्या तोंडावर वाईनच्या द्राक्षाला पाणी द्यायचं नसतं. दिलं की मणी फुगतो, गोडी पातळ होते. मुरमातून पाणी पाझरून तरी जातं, काळी माती मात्र धरून बसते, सोडत नाही. आणि नाथाजीचा जन्म खायची द्राक्षं पिकवण्यात गेलेला. फुगलेला घड बघितला की त्याला जग दिसत नसे. तोडणी आठवड्यावर आली आणि तिनं निरोप धाडला, माझी पाळी तुम्ही घ्या.

नाथाजीनं घेतली.

त्याच आठवड्यात गावच्या सप्ताहाची सांगता होती. काल्याच्या कीर्तनात बुवांनी मनातलं कुसळ उपसून टाकण्यावर असं काही निरूपण केलं, की टाळकऱ्यांचे हात थांबले. नाथाजी उठला. बुवांच्या हातून रंगुबाईला नारळ देववला आणि सगळ्या मंडपाला सांगितलं, "वैनींनी दिलं, म्या घेतलं. यापरास मोठा दिस न्हाई माजा." बायकांनी डोळे पुसले. रंगुबाईनं बुक्का लावून घेतला, मान लववली आणि मनात म्हणाली, थांब जरा, तुझा मोठा दिवस अजून यायचाय.

तो आला. सोनमनं काळ्या रानातले मणी चिरडले, रस काचेवर टाकून गोडी मोजायच्या नळीतून बघितला, पुन्हा दुसऱ्या ओळीतले घेतले, तिसऱ्या ओळीतले घेतले, आणि गाडी रिकामीच माळावर आणली. रंगुबाईचा माल तिनं भरून घेतला, पण आडपडदा ठेवला नाही. "मावशी, जोडीला शिराज नाही. तुमच्या एकट्या मालाची वाईन फार कडक होईल. यंदा ती बाटलीत जाणार नाही."

"ऱ्हाऊ दे पिपात," रंगुबाई म्हणाली. त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं. तिला खाली जायची घाई होती. शत्रूला घाव कुणाचा ते कळलं नाही तर तो घाव वाया जातो.

वाटणीपासून त्या रानात तिनं पाऊल टाकलं नव्हतं. नाथाजी वेलाखाली ढेकळावर बसला होता. डोक्यावर टपोरे, फुगलेले घड लोंबत होते.

"भावजी, त्ये पानी म्या मुद्दाम दिलं. म्हाईत असावं म्हनून सांगते."

"ठावं हाय."

रंगुबाई जागच्या जागी थांबली.

"सोनम म्याडमनी मलाबी बजावलं व्हतं," नाथाजी मातीकडं बघत म्हणाला. "आता थेंब सोडू नगा म्हनून. तुमचा निरोप आला तवाच उमगलं."

"मग दारं का न्हाई लावलं?"

"दादा गेल्यापासनं माज्या घरचं तांब्याभर पानी तुमी घेतलं न्हाई. आन तुमी हून पाट सोडला. त्यो कशासाठी का असंना." त्यानं ढेकूळ चुरगाळलं. "म्या केलं त्येच्यापुढं ह्ये काय हाय? कुठल्या तोंडानं न्हाई म्हनू, वैनी?"

इतकी वर्षं घासून ठेवलेली वाक्यं तिच्याजवळ होती. ती सगळी भांडणाऱ्या माणसासाठी होती. हाताला काहीतरी हवं म्हणून तिनं एक मणी तोडला आणि तोंडात टाकला. पाणचट. गोडीचा नुसता भास.

नाथाजी उठून बांधाकडं चालू लागला. रंगुबाई तिथंच उभी राहिली. दोन बिया जिभेवर फिरवत ती बराच वेळ इकडंतिकडं बघत होती. त्या रानात थुंकायला तिला जागा सापडेना.