कोसालची जुनी आई

मी एक पंचा बोलतोय. सुती, लाल-पांढऱ्या चौकड्यांचा, माणसाच्या उंचीएवढा लांब. इकडे आमच्या ताकेव प्रांतात मला क्रामा म्हणतात, पण नावाचं एवढं काही नाही. माझं एकच काम ठरलेलं असतं, तर नावाला अर्थ होता. सकाळी मी कुणाच्या डोक्याला बांधलेला असतो, दुपारी कुणाच्या कमरेला. मग माझ्यात चिंचा भरल्या जातात आणि संध्याकाळी तळ्यावरून अंघोळ करून येणारा कुणीतरी मला नेसून घरी येतो. मध्येच माझ्या टोकाने एखाद्याचं नाक पुसलं जातं. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मालिसने मला विणलं. घर खांबांवर उभं आणि खाली सावलीत तिचा माग. कोसाल तेव्हा तिच्या पोटात होता. पोट मागाला टेकायला लागलं तशी ती मागे सरकून, हात लांबवून विणू लागली. त्यामुळे माझ्या एका टोकाची वीण जरा सैल आहे. तिचे वडील, म्हणजे मुलांचे आजोबा, ता हेम, बाजेवर बसून तिची फिरकी घेत. ती त्यांना पुक म्हणे, म्हणजे बाबा.

"पोर आधी येतंय की पंचा, ते बघायचंय मला."

"दोघंही वेळेवर येतील, पुक. तुम्ही तेवढी झोळीची दोरी शोधून ठेवा."

मी आधी आलो. मळणीच्या दिवसांत कोसाल जन्मला आणि आंब्याखाली माझी झोळी झाली. आमच्याकडे घरात फक्त झोपायला जातात. जेवण, भांडण, पोरांचं संगोपन, सगळं बाहेर झाडाखाली.

तान्हा कोसाल झोपेत हसायचा. तो हसला की ता हेम म्हणत, "जुनी आई खेळवतेय त्याला."

जुनी आई म्हणजे मागच्या जन्माची आई. तिचा लळा सुटलेला नसतो म्हणून ती लेकराच्या झोपेत येते, त्याला हसवते, असं आमच्या गावात सगळेच मानतात. फारच आठवण आली तर ती त्याला परत न्यायला बघते आणि मग बाळाला ताप भरतो. मालिस झोळीला झोका देताना हळूच म्हणायची, "खेळव हवं तर बाई. पण आता हा माझा आहे."

कोसाल धरून धरून उभा राहायला लागला आणि तिकडे मागाच्या कापडाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं. मालिस राजधानीत, नॉम पेन्हला, शिवणाच्या कारखान्यात कामाला लागली. मला तिने सोबत नेलं नाही. नवऱ्याच्या, वुतच्या, खांद्यावर मला टाकलं आणि म्हणाली, "त्याला हाच लागतो." वर्षातून तीनदा ती यायची. एप्रिलातल्या आमच्या नव्या वर्षाला, पितरांच्या पंधरवड्याला आणि होड्यांच्या शर्यतींच्या सणाला.

वुत मोजकं बोलणारा माणूस. पोरांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न त्याने कधी सोडवलाच नाही, जिथे जाईल तिथे तो त्यांना घेऊन गेला. लावणीच्या दिवसांत मी त्याच्या पाठीला तिरका बांधलेला असायचो आणि माझ्यात कोसाल. बांधावर थोरली दानी मडकं घेऊन खेकड्यांच्या बिळांमागे लागलेली. कोसालला पाय फुटल्यावर तर विचारूच नका. दोघं मला दोन टोकांना धरून पाण्यात बुडवायची आणि वर उचलायची. हाताला लागायच्या बोटभर मासळ्या, पण आरडाओरडा असा, की जणू मगर धरली. रात्री मी दोरीवर वाळत असायचो आणि मला चिखलाचा वास यायचा. तो वास मला आवडायचा.

मग शेतांचं तळं व्हायचं. वुत होडी काढायचा, दानी कमळाची बोंडं तोडायची आणि सोललेलं बी भावाच्या तोंडात टाकता टाकता निम्मं स्वतः खायची. कोसाल माझी बांधलेली टोपी भिरकावून कमळाचं पान डोक्यावर घ्यायचा. माझा अपमान, पण त्याला ते शोभायचं. पाणी ओसरलं, भात कापून झालं की उत्तरेचा वारा सुटतो. तेव्हा ता हेम पतंग बांधत. त्याच्या डोक्याला धनुकली असते, ती वाऱ्यावर गुणगुणते. संध्याकाळी सगळे खुंटांच्या शेतात पेंढ्यावर पडून ते ऐकत. कोसाल बहुतेक वेळा माझ्यातच झोपी जायचा.

या सगळ्यात मालिस नव्हती. ती यायची ती सणाच्या गर्दीतल्या गाडीने, धुळीने माखून, शहरातला नवा ब्लाउज घालून, हातात खाऊची पिशवी. फाटकातूनच दोन्ही हात पसरून धावायची. "ये, माझं पाखरू, मॅकडे ये, आईकडे ये."

दानी तिच्या गळ्यात जाऊन पडायची. कोसाल मात्र किंचाळून पाण्याच्या रांजणामागे लपायचा. खाऊ दाखवला की जास्तच आत शिरायचा. ती मुक्कामाला असेपर्यंत तो धड जेवायचा नाही, माझं टोक चोखत बसायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरायचा. ता हेम त्याच्या मनगटाला मंतरलेला दोरा बांधत. मालिस गेली की ताप उतरायचा.

एका होड्यांच्या सणाला असंच झालं. निघायच्या सकाळी मालिस माझी घडी करत बसली होती. ता हेम बाजूला येऊन बसले. आवाजात राग नव्हता.

"तू आलीस की याला ताप भरतो, पोरी."

"माहितीये मला, पुक."

"मी म्हणतो म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस."

मालिसने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "नव्या वर्षाची रजा मागून ठेवलीय, तेवढी येते. तेव्हाही असंच झालं, तर तो मोठा होईपर्यंत नाही येणार मी. पैसे पाठवीन." वुत खांबाला टेकून उभा होता. तो काहीच बोलला नाही. मला त्याचा भयंकर राग आला. पंच्याला राग येऊन उपयोग काय, ती गेलीच.

पतंगांचे दिवस आले. एका संध्याकाळी कोसाल पेंढ्यात वुतच्या पोटावर डोकं टेकून पडला होता. एकाएकी त्याने विचारलं, "पुक, जुनी आई परत कधी येणार?"

"कुठली जुनी आई?"

"ती. गाडीतून येते ती. मला न्यायला."

वुत उठून बसला. "तुला न्यायला येते असं कोण म्हणालं?"

"दानी."

दानी पतंगाचा दोर सोडून कमरेवर हात ठेवून आली. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मी काही खोटं नाही सांगितलं. ता सांगतात तेच सांगितलं. जुनी आई लांबून येते, हात पसरते, खाऊ दाखवते आणि जो जाईल त्याला घेऊन जाते."

"आणि मॅ?"

"मॅ शहरात असते."

"मग सणाला येते ती कोण?"

"ती मॅच की." दानीने बापाकडे असं बघितलं, जणू याला ऊन लागलं की काय.

"ती मॅ आहे हे याला सांगितलंस कधी?"

"त्यात सांगायचं काय? सगळ्यांना माहीतच आहे."

वुतने त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस कोसालला समजावलं. कोसाल मान हलवायचा. तो सगळ्यालाच मान हलवतो. आणि मग विचारायचा, की ती न्यायला आली तर आपण रांजणामागे मावू ना.

नव्या वर्षाला, अंग भाजून काढणाऱ्या उन्हात, वुत मालिसला आणायला मोटरसायकलवरून हमरस्त्याला गेला. मी त्याच्या गळ्यात होतो म्हणून ऐकलं. त्याने तिला सगळं सांगितलं. त्याच्या तोंडून इतके शब्द सलग बाहेर पडताना मी प्रथमच पाहिले.

"त्याच्यापुढे हात पसरू नकोस. हाका मारू नकोस. खाऊ दानीकडे दे. तू नुसती अस."

"तीन दिवस मिळतात मला, बोंग. ते नुसतं असण्यात घालवू?" नवऱ्याला ती बोंग म्हणायची.

"हो."

मग तिने कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं. मी मध्ये होतो, ओला झालो.

ती नुसती राहिली. पहिला दिवस तिने केळीच्या पानांत भात बांधण्यात घालवला. कोसाल रांजणामागून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो रांजणाच्या पुढे येऊन बसला, पण ती जवळून गेली की आत. ताप आला नाही. मालिसच्या हातांकडे मात्र मला बघवत नव्हतं. ते सारखे उठायचे आणि ती त्यांना मांडीवर दाबून धरायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे विहाराच्या अंगणात जमले. चिंचेखाली पोरांनी रिंगण धरलं होतं. पंचा पिळून हातात घ्यायचा, बसलेल्यांच्या पाठीमागून फिरायचं आणि गुपचूप कुणाच्या तरी मागे ठेवून पळायचं. बसलेल्यांनी मागे बघायचं नाही. ज्याच्या मागे तो सापडेल त्याने तो उचलून ठेवणाऱ्याला फटकावत पळवायचं. सणाच्या दिवशी या खेळात म्हातारेही बसतात. ता हेम बसले, त्यांच्या शेजारी मालिस बसली. पंचा अर्थातच मी होतो.

दानीने कटकट करून करून भावाला राज्य घ्यायला लावलं. कोसाल मला धुळीतून ओढत निघाला. माझा पीळ केव्हाच सुटला होता. एक फेरी झाली. तो ता हेमच्या मागे थांबला, मग पुढे गेला. मालिसच्या मागून भरभर गेला. दुसऱ्या फेरीलाही गेला. तिसऱ्या फेरीला त्याची पावलं तिच्या मागे हळू झाली. त्याची घट्ट मूठ मला कळत होती. समोर तिची पाठ होती, घामाने ब्लाउज चिकटलेली, साधी पाठ. पसरलेले हात नव्हते, खाऊ नव्हता.

त्याने मला तिच्या मागे खाली ठेवलं. नीट, दोन्ही हातांनी. आणि पळायचं सोडून तिथेच उभा राहिला.

रिंगणातल्या सगळ्यांना दिसलं. कुणी अवाक्षर काढलं नाही, दानीनेसुद्धा नाही. मालिसला त्याचा श्वास मानेवर लागत असणार. पण मागे बघायचं नाही हा नियम, आणि ती नियमाची पक्की. ती तशीच बसून राहिली.

शेवटी कोसालच वैतागला. "अगं, बघ की मागे," तो म्हणाला. "ठेवलाय."

आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला होता. तिने हात मागे नेला, चाचपडत मला धरलं आणि मग वळली.

"पळ मग," ती म्हणाली. "मी येते."

तो पळाला. तिच्यापासून पळायची त्याला सवयच होती, पण हे पळणं वेगळं होतं. चार पावलं गेला की तो मागे वळून बघायचा. मालिसला डोळ्यांतल्या पाण्यामुळे धड दिसत नव्हतं, ती मागे पडायची. ती मागे पडली की तो थांबून तिची वाट बघायचा.

तिने त्याला गाठलं आणि माझ्या टोकाने पाठीवर फटका दिला. सैल विणीच्या टोकाने, त्याला कळलाही नसेल. तो म्हणाला, "आणखी." अंधार पडून दिसेनासं होईपर्यंत ते आणखी चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मालिस चढली तसा कोसालने असं भोकाड पसरलं, की ड्रायव्हरने मान बाहेर काढून बघितलं. ती आली म्हणून तो दर वेळी रडायचा. ती चालली म्हणून रडण्याची ही पहिलीच वेळ. ता हेमचे डोळे भरून आले. "रडू दे त्याला," ते म्हणाले. "पितरांच्या पंधरवड्याला येच, पोरी."

ती आली. अजूनही येते. कोसाल आता शाळेत जातो आणि हमरस्त्यापर्यंत तिला आणायला बापाबरोबर जातो. मी जुना झालो. मधोमध विरलोय, चौकड्यांचा रंग उडालाय, झोळीचं वजन पेलवत नाही. हल्ली माझ्यात गरम भांडी धरतात आणि पोरं उतारावरून घसरताना मला खाली घेतात. माझी तक्रार नाही. घराबाहेर आहे, एवढं पुरे.

एकच सांगणं आहे. तुमच्याकडे कुणी लांबून येईल आणि घरातलं लहानगं त्याला बघून लपेल. त्याला ओढून पुढे आणू नका, आलेल्याला हिरमुसू देऊ नका. दोघांनाही बाहेर झाडाखाली न्या आणि पाहुण्याला पाठ करून नुसतं बसायला सांगा. पोर येतंच. फक्त ते आलं की पळायची तयारी ठेवा.